मागची बाजू

इंगवल्यांच्या सुलभाताईंनी चित्र आणलं
जुन्या चादरीत गुंडाळून, रिक्षातून,
आणि टेबलावर ठेवता ठेवता म्हणाल्या,
"फ्रेम तेवढी बदला, दस्तगीरमामा.
सोनेरी नको. आमचा सोफा राखाडी आहे."

जवळून बघितलं तर काहीच नाही.
चुन्याचे फटकारे, हळदीचा एक डाग,
कुणी सुरी पुसून ठेवावी तसा जांभळा.
चष्मा पुसला. तरी तेच.
मग उजेडात बघू म्हणून दाराला टेकवलं
आणि मागं सरलो, एक पायरी, दुसरी,
गटाराच्या फरशीवरनं थेट रस्त्यात,
आणि बघतो तर
माझ्या दुकानात समुद्र.

समुद्राला लागून एक महाल.
कमानीशेजारी कमान,
साजातली पानं गुंफावीत तशी.
सज्जे, जाळ्या, टोकाला कांद्याएवढे घुमट,
आणि हे सगळं खाली पाण्यात उतरलेलं,
विस्कटत, पुन्हा जुळत,
एक खांब तर कायमचा हरवलेला.
पापाच्या तिकटीकडनं आलेला टेम्पोवाला ओरडला,
"मामा, मरायचंय काय?"
म्हटलं, "थांब की जरा, भरती आलीया."

हे चित्र त्यांच्या नरसूनानांचं.
बायकोचा चपलाहार गहाण टाकून
बोटीनं गेले होते म्हणे, व्हेनिस की कुठं.
परत आले एवढं एकच घेऊन.
पुढं आयुष्यभर पाट्या रंगवल्या:
सायकल मार्ट, पिठाची गिरणी,
'येथे पादत्राणे काढावीत'.
चपलाहार काही सुटला नाही.

रात्री शटर अर्धं ओढून मागचा पुठ्ठा काढला.
बावीस खिळे, गंजलेले,
एक तर बोटातच शिरला.
कापडाच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं हिशेब होता:

पाव, दोन.
होडी, अर्धा दिवस.
पांढऱ्याची मोठी नळी, एक.
पावसात दोन दिवस फुकट.
निळा संपला. पैसेही.
पाणी घरी गेल्यावर.

तेवढंच.
खाली सही नाही, तारीख नाही.

मी भिंग घेतलं.
सज्जाच्या पांढऱ्यात वाळू होती,
चार-पाच कण, वाऱ्यानं येऊन चिकटलेले,
कुठल्या किनाऱ्याचे ते मला काय ठाऊक.
आणि खाली,
त्या हरवलेल्या खांबाच्या जागी, निळ्यात दबलेला
एक केस.
जाड, काळा, जरासा वळलेला.

ब्रशाचा नव्हे. ब्रशाचे केस मी ओळखतो.
हाही ओळखतो.
लहानपणी गवळ्याच्या पोरांबरोबर
म्हशी धुवायला जायचो रंकाळ्यावर,
घरी आल्यावर आई असले केस
माझ्या सदऱ्यावरनं वेचून काढायची.

म्हणजे नाना बसले असतील इथंच, बांधावर,
मांडीवर परदेशातला अर्धा महाल,
खाली कोरं कापड.
पहाटेचं धुकं. म्हशी एकामागून एक पाण्यात उतरतायत,
पाणी फुटतंय, काळं, हिरवट, मग एकदम चांदीचं,
आणि कुणी शेण गोळा करणारी थांबून विचारतीय,
"काय काढताय हो?"
ते म्हणाले असतील, "पाणी."
की म्हणाले असतील, "उधारी फेडतोय"?
मला आपलं वाटतं. मी काही तिथं नव्हतो.

राखाडीला जुळेल अशी सागवानी पट्टी लावली.
केस काढला नाही.
मागच्या पुठ्ठ्याला तळहाताएवढी खिडकी कापली,
हिशेबावर हवा लागावी म्हणून.

सुलभाताई न्यायला आल्या तेव्हा
नेमक्या त्याच फरशीवर जाऊन उभ्या राहिल्या
आणि गप्प झाल्या.
मग म्हणाल्या, "अगदी तिथलंच वाटतं, नाही?"
"वरचं," मी म्हटलं.
त्या हसल्या. सुटे पैसे शोधू लागल्या.

काच, पट्टी, पुठ्ठा, खिळे बावीस, नवे.
खिडकीचे काही लावले नाहीत.